ब्लॅडर ठेवायचं की काढायचं

बायोप्सीच्या रिपोर्टात अगदी तळाला एक ओळ होती. वर ठळक अक्षरांत आजाराचं नाव, हाय ग्रेड युरोथेलियल कार्सिनोमा, म्हणजे मूत्राशयाचा (ब्लॅडरचा) आक्रमक जातीचा कॅन्सर, आणि घरातल्या सगळ्यांची नजर तिथंच अडकली. मी परभणी आगारातून एसटीचा वाहक म्हणून निवृत्त झालो. वेबिल, म्हणजे वाहकाचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद, हातात आलं की आधी खालचा आकडा बघायचा, ही सवय अजून गेलेली नाही. तळाच्या ओळीत लिहिलं होतं, पाठवलेल्या तुकड्यांत स्नायूचा थर आढळला नाही.

या ओळीचं वजन मला कळलं ते छत्रपती संभाजीनगरच्या दुसऱ्या युरॉलॉजिस्टनी केसपेपरच्या मागं चित्र काढून दाखवलं तेव्हा. मूत्राशयाला आतून पातळ अस्तर असतं, त्याखाली एक मऊ थर आणि त्याच्या बाहेर जाड स्नायू. गाठ अस्तरातच आहे, मऊ थरात उतरलीय की स्नायूत घुसलीय, यावर पुढचा सगळा इलाज ठरतो. स्नायूला लागलेली नसेल तर दुर्बिणीतून खरवडून काढायची आणि आत औषध सोडायचं. स्नायूत घुसली असेल तर अख्खं ब्लॅडर काढायचं, नाहीतर केमो आणि रेडिएशन जोडीनं द्यायचं. माझ्या तुकड्यांत स्नायू आलाच नव्हता. म्हणजे गाठ तिथवर गेली नाही असं म्हणता येत नव्हतं आणि गेली असंही म्हणता येत नव्हतं.

पहिल्या डॉक्टरांचं मत होतं, चालतंय, आपण औषध सुरू करू. दुसऱ्यांनी सांगितलं, दोन ते सहा आठवड्यांच्या आत त्याच जागी पुन्हा खरवडल्याशिवाय मी औषध लिहिणार नाही. घरात यावरून बरीच वादावादी झाली. मुलगा पुण्याला चाकणमध्ये कंपनीत आहे, तो म्हणाला, अण्णा, परत भूल, परत नळी, परत खर्च कशाला. मेव्हणा तर सरळ म्हणाला, "दाजी, कामून उगं उकरून काढायलात?" मला मात्र अर्धवट कागदावर पुढचा निर्णय घेणं पटत नव्हतं. मी पुन्हा टेबलावर गेलो. या वेळी तुकड्यांत स्नायू आला, आणि तो स्वच्छ निघाला. पण गाठीच्या आजूबाजूला सपाट लालसर चट्टे होते, त्यांना सीआयएस म्हणतात, म्हणजे अस्तरातच पसरलेला सपाट कॅन्सर, आणि तोही हाय ग्रेडच धरतात. डॉक्टरांनी वर्णन लिहिलं: टी-वन, हाय ग्रेड, सोबत सीआयएस. टी-वन म्हणजे गाठ मऊ थरात उतरलीय, पण स्नायूला लागलेली नाही.

याची सुरुवात २०२३ च्या एप्रिलात झाली होती. लघवी लाल झाली. दुखणं नाही, जळजळ नाही, ताप नाही. आमच्याकडं एप्रिल-मे महिन्यात लघवीची कुठलीही तक्रार असली की "उन्हाळी लागली" म्हणून मोकळं होतात. धन्याजिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला, शेजाऱ्यांनी मुतखडा ठरवून कुळथाचं कढण पाजलं. दोन दिवसांत लघवी आपोआप साफ झाली आणि सगळ्यांनी आपापल्या औषधाला गुण दिला. या आजाराचा बेरकीपणा इथंच आहे: रक्त येतं, थांबतं, महिनाभरानं परत येतं. लेक जालन्याला एएनएम, म्हणजे सरकारी दवाखान्यातली नर्स आहे. ती फोनवर म्हणाली, दुखून येणाऱ्या रक्तापेक्षा न दुखता येणाऱ्या रक्ताची भीती जास्त, आधी सोनोग्राफी करा. सोनोग्राफीत गाठ दिसली.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विडीचा विचारला. मी तीसेक वर्षं ओढली. आमच्या डेपोत विडीनं तोंड खराब होतं, छाती खराब होते, एवढंच सगळ्यांना माहीत. धुरातलं विष रक्तात उतरतं, मूत्रपिंड ते गाळतं आणि लघवीबरोबर ते तासन् तास ब्लॅडरमध्ये साचून राहतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं. त्यात आमची नोकरी अशी की जिंतूर सुटलं की पुढच्या धड स्वच्छतागृहापर्यंत दाबून धरायचं. दाबून धरल्यानं कॅन्सर होतो असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण विडीवर मात्र ते ठाम होते. हा आजार होण्याचं सगळ्यात मोठं कारण धूम्रपान, आणि आता सोडली तरी पुढं उपयोग होतो, असं ते म्हणाले.

दुसऱ्या खरवडीचा रिपोर्ट आला आणि पहिला खरा निर्णय समोर आला. टी-वन हाय ग्रेडला दोन वाटा: बीसीजी नावाचं औषध आत सोडून ब्लॅडर वाचवायचं, किंवा आजार स्नायूत शिरायच्या आधीच ब्लॅडर काढून मोकळं व्हायचं. डॉक्टरांनी सांगितलं की अशा आजारातले साधारण पाचांतले एक जण पाच वर्षांत पुढच्या टप्प्यावर जातात. मुलानं ऐकलं "एक जण जातो", बायकोनं ऐकलं "चार जण वाचतात". मी बायकोच्या बाजूनं गेलो. त्यात भित्रेपणा नव्हता. पाचांतल्या चौघांचं ब्लॅडर विनाकारण काढायचं, हे मला त्या टप्प्यावर जास्तीचं वाटलं. आजही वाटतं.

बीसीजी म्हणजे तीच लस, लहानपणी दंडावर टोचतात आणि वण राहतो ती. क्षयरोगासाठी ती पहिल्यांदा १९२१ मध्ये माणसाला दिली गेली, आणि १९७६ मध्ये कॅनडातल्या अल्वारो मोरालेस या डॉक्टरांनी ती ब्लॅडरच्या कॅन्सरवर चालते असं दाखवलं. आपल्याकडं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची येते. आधी आठवड्याला एक अशी सहा आठवडे, मग तिसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात, पुढं दर सहा महिन्यांनी तीन-तीन आठवडे, ही माळ तीन वर्षांपर्यंत चालते. नळी घालून औषध आत सोडतात, नळी काढतात आणि दोन तास लघवी धरून ठेवायची. सकाळपासून पाणी कमी प्यायचं म्हणजे आत जागा राहते.

दोन तास धरणं मला अवघड नव्हतं, आयुष्यभर तेच केलं. अवघड होतं ते त्यानंतरचं. आत सोडलेले जंतू जिवंत असतात, म्हणून पुढचे सहा तास लघवी बसूनच करायची, म्हणजे उडत नाही. मग संडासात ब्लीच ओतून पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवायचं आणि नंतर पाणी टाकायचं. हे एसटीत बसून कसं करणार? संभाजीनगरहून परभणीला यायला अर्धा दिवस जातो. मग मुकुंदवाडीला मावसभावाकडं मुक्काम. त्यांचा लहान नातू घरात रांगणारा. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण मी संडासातून बाहेर आलो की त्या ब्लीचची बाटली घेऊन आत जायच्या आणि मी आधीच ओतलेलं असलं तरी परत ओतायच्या. मला त्याचा राग आला नाही. उलट कुणाकडं उतरायचं असेल तर हे सगळं आधीच स्पष्ट सांगावं, असं माझं मत झालं. रात्री थंडी वाजून ताप यायचा, दर पंधरा मिनिटांनी लागल्यासारखं व्हायचं आणि थेंबभर यायचं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरायचं. ताप उतरला नाही किंवा चढत गेला तर वाट न बघता फोन करायचा, हे डॉक्टरांनी कार्डावर लाल शाईनं लिहून दिलेलं होतं.

पहिली दुर्बीण स्वच्छ आली. तिसऱ्या महिन्यातला बीसीजीचा हप्ता घेतला. त्यानंतरच्या दुर्बिणीत डाव्या बाजूला नवीन कोंब दिसला. खरवडून पाठवला: पुन्हा टी-वन, पुन्हा हाय ग्रेड. डॉक्टर म्हणाले, पुरेशी बीसीजी दिल्यावर सहा महिन्यांच्या आत असा आजार उलटला तर आणखी बीसीजी देऊन उपयोग नाही. आता ब्लॅडर काढायचा विचार मनावर घ्या. आणि स्वतःहूनच म्हणाले, एकदा मुंबईला दाखवून या, माझ्या एकट्याच्या शब्दावर एवढं करू नका. ज्या डॉक्टराला दुसऱ्या मताचा राग येत नाही, त्याच्या मताला मी जास्त किंमत देतो.

परळच्या टाटा हॉस्पिटलला जाताना रिपोर्ट पुरत नाहीत. काचेच्या स्लाईडी आणि मेणाचे ठोकळे न्यावे लागतात, कारण ते आपल्या डोळ्यांनी परत तपासतात. लॅबमधून ते मागून घ्यायला थोडी हुज्जत घालावी लागली. नखाएवढा मेणाचा ठोकळा, त्यात माझाच कण, वर नंबर. देवगिरी एक्सप्रेसमध्ये रात्रभर ती डबी मी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली, जिथं नोकरीत कॅश ठेवायचो. एक सांगून ठेवतो: कॅन्सरच्या रुग्णाला इलाजासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीचं पूर्ण भाडं माफ असतं आणि सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. दवाखान्याचा शिक्का असलेला रेल्वेचा फॉर्म लागतो. लोक हे माहीत नसल्यानं उगाच पैसे भरतात.

मुक्काम दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत. तिथं संध्याकाळी जिन्यावर बसलं की कुणाला काय झालंय, कोणता डोस चाललाय, हीच बोलणी. गेवराईकडचे एक गृहस्थ भेटले, ब्लॅडर काढलेले. पांढरा शर्ट, धोतर, कुठं काही दिसत नव्हतं. माझं ऐकून म्हणाले, "बघायचीय का?" आणि शर्ट वर केला. बेंबीच्या उजवीकडं, खाली, पोटावर चिकटवलेली, लघवी जमा होणारी पारदर्शक बॅग, तळाला छोटी तोटी. बॅगेच्या आत आतड्याचं टोक, ओठाच्या आतल्या बाजूसारखं लाल आणि ओलं. "हात लावला तरी दुखत नाही," ते म्हणाले. "रडून घ्यायचं ते आधी रडून घेतलं, आता शेतात जातो." व्हॉट्सअॅपवर मुलानं पाठवलेले सगळे व्हिडिओ एकीकडं आणि ती दोन मिनिटं एकीकडं. ज्याला बॅग घ्यायची की नाही हे ठरवायचंय, त्यानं आधी एका जिवंत माणसाच्या पोटावर ती बघावी.

टाटाच्या डॉक्टरांनी स्लाईडी परत वाचून तेच निदान केलं. स्नायू अजून स्वच्छ होता, सीटी स्कॅनमध्ये बाहेर काही दिसत नव्हतं. त्यांचं मत होतं, काढणं सगळ्यात खात्रीचं. ज्यांना काढायचंच नाही किंवा ज्यांचं शरीर ऑपरेशन झेपवणार नाही, त्यांच्यासाठी आणखी रस्ते आहेत, तेही त्यांनी समजावून सांगितले. जेमसायटाबीन आणि डोसिटॅक्सेल ही केमोची औषधं एकामागोमाग ब्लॅडरच्या आतच सोडायची, सहा आठवडे, मग महिन्याला एकदा. किंवा शिरेतून इम्युनोथेरपी, पेम्ब्रोलिझुमॅब नावाचं औषध, अमेरिकेत २०२० पासून याच प्रकारच्या आजाराला मान्य आहे. पण आमच्यासारख्याला एका डोसाची किंमत ऐकूनच पुढचा प्रश्न सुचत नाही. रेडिएशनचं विचारलं तर म्हणाले, स्नायूत शिरलेल्या निवडक गाठींना ते केमोसोबत चांगलं चालतं, पण तुमचे चट्टे जागोजाग विखुरलेले आहेत, तिथं ते बसत नाही.

सगळे सांगतात, डॉक्टरला विचारा, तुमचे वडील असते तर काय केलं असतं. मी संभाजीनगरला परत आल्यावर विचारलं. ते थोडं हसले आणि म्हणाले, "माझे वडील माझ्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात. त्यांना मी कदाचित आत औषध सोडून बघू म्हणेन, कारण दर तीन महिन्यांनी मी त्यांना स्वतः ओढत नेऊन दुर्बीण घालीन. तुम्हाला कोण ओढून आणणार?"

हा प्रश्न मला एकदम पटला. कागदावर पर्याय सारखे दिसतात, ते जमिनीवर सारखे नसतात. ब्लॅडर ठेवायचं म्हणजे पुढची काही वर्षं त्याच्यावर पाळत ठेवायची. दर तीन महिन्यांनी दुर्बीण, लघवीची तपासणी, अधूनमधून खरवडणं, महिन्याला औषध. यातली एक तारीख पेरणीत, एक पावसात, एक कुणाच्या लग्नात जाणार, हे मला आमच्या घराची चाल बघून माहीत होतं. आणि जी तारीख चुकेल नेमकी तेव्हाच गाठ स्नायूत शिरली, तर मग काढूनही पूर्वीइतकी खात्री नाही. आज काढलं तर ते आजार आतल्या थरात असताना निघतं. पुण्या-मुंबईत हॉस्पिटलजवळ राहणाऱ्या माणसानं औषधाचा रस्ता धरला तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. माझ्या जागी तो नव्हता. दुसऱ्या बाजूलाही वजन होतंच. मोठ्या केंद्रातही हे ऑपरेशन शंभरातल्या दोन-तीन जणांच्या जिवावर बेततं आणि निम्म्याहून जास्त जणांना पहिल्या तीन महिन्यांत काही ना काही त्रास होतो, असं डॉक्टरांनी लपवलं नाही.

काढायचं ठरलं. मग दुसरा सवाल: लघवी कुठून जाणार?

एक, आतड्याचा पंधरा-वीस सेंटिमीटरचा तुकडा घेऊन त्याला दोन्ही मूत्रवाहिन्या जोडायच्या आणि त्याचं तोंड पोटावर काढून बॅग लावायची. दुसरं, पन्नास-साठ सेंटिमीटर आतडं उलगडून, शिवून, आत नवीन ब्लॅडर तयार करायचं आणि ते मूळच्या मार्गालाच जोडायचं. बाहेर काही नाही. मुलगा दुसऱ्याच्या बाजूनं. "अण्णा, कुणाला कळणारसुद्धा नाही." रोबोटनंच करू, असंही त्याचं म्हणणं. डॉक्टर म्हणाले, रोबोटनं रक्त कमी जातं, पण कॅन्सरच्या निकालात उघड्या ऑपरेशनच्या तुलनेत फरक पडत नाही, हे २०१८ च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसलंय. मग रोबोटचा विषय मी मिटवला. आमची योजना महात्मा फुले जन आरोग्यची. तिथं केशरी रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव एका अक्षरानं जुळत नव्हतं, त्यात एक आठवडा गेला. रोबोट फार लांबची गोष्ट.

नवीन ब्लॅडर तयार केलं तर त्याला भरल्याचं कळत नाही. मेंदूला निरोप द्यायला आतड्यात त्या नसाच नाहीत. म्हणून घड्याळ लावून जायचं, सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पोटावर जोर देऊन रिकामं करायचं. रात्री गादी ओली होऊ शकते. काही जणांचं पूर्ण रिकामं होत नाही, त्यांना स्वतःच्या हातानं नळी घालावी लागते, कधी कधी कायमची. हे ऐकत असताना बायको पहिल्यांदा बोलली.

"डॉक्टर, यांना गजर ऐकू येत नाही."

खरं होतं. इंजिनाच्या बाजूला उभं राहून माझा एक कान जवळजवळ गेलाय. ती पुढं म्हणाली, "माझी शुगर आहे, मी गोळी घेऊन झोपते. रात्रीतून तीनदा यांना उठवायचं कुणी? मुलगा पुण्याला." मुलानं मनगटावर थरथरणाऱ्या घड्याळाचं नाव काढलं, ती त्याच्याकडं नुसती बघत राहिली. डॉक्टरांनी केसपेपरवर काहीतरी लिहिलं. मला वाटतं माझा निर्णय त्या ओळीत झाला. माझं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी, ठीक होतं, मूत्रमार्गात आजार नव्हता, म्हणजे नवीन ब्लॅडर मला मिळू शकत होतं. आमच्या नळाला उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. स्वच्छ हात, स्वच्छ नळी, रोज अनेकदा धुणं, ओल्या चादरी. हे सगळं त्या पाण्यात बसवून बघितलं आणि जमेना. बॅगवाल्याला रात्री तोटीला दोन लिटरची मोठी पिशवी जोडली की सकाळपर्यंत झोप.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांना माझ्याशी एकट्याशी बोलायची होती. मी म्हटलं, ती बसू द्या. पुरुषांत ब्लॅडरसोबत प्रोस्टेटही काढतात, नसा दुखावतात, नवराबायकोचे संबंध बहुतेक पूर्वीसारखे राहत नाहीत. नसा वाचवायचा प्रयत्न करता येतो, खात्री देता येत नाही. बाईचं ऑपरेशन असेल तर गर्भाशयही बऱ्याचदा जातं. बायको खाली बघत होती. बाहेर आल्यावर चहा पिताना तिनं एवढंच विचारलं, "दुसरं काही विचारायचं राहिलं का?" या गोष्टी आमच्याकडं कुणी बोलत नाही, आणि मग माणसं घरी जाऊन एकटीच झुरतात. आधी दोघांनी मिळून ऐकलेलं बरं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी स्टोमाच्या, म्हणजे पोटावर काढायच्या आतड्याच्या तोंडाचं काम बघणाऱ्या, सिस्टर आल्या. मला बसवलं, उभं केलं, वाकायला लावलं, आडवं केलं. मग म्हणाल्या, "काका, घरी काय घालता?" पायजमा, म्हटलं. "नाडी कुठं बांधता?" मी दाखवलं. त्यांनी नाडीच्या खाली, पोटाला घडी पडत नाही अशी जागा शोधून मार्करनं गोल काढला. माझ्या हातानं त्यावर बोट ठेवायला लावलं, दिसतंय का विचारलं. जागा डोळ्यांना दिसली पाहिजे, नाहीतर बॅग बदलता येत नाही. ज्यांना ऑपरेशनच्या आधी असा गोल कुणी काढला नाही, त्यांची बॅग खाली बसलं की सुटते, अशी कितीतरी उदाहरणं मी नंतर ऐकली. हा गोल मागून घ्या.

ऑपरेशन दिवसभर चाललं. त्यातलं मला काही आठवत नाही. नंतर आतडं जागं व्हायला वेळ लागला, पोट फुगलं, नाकातून नळी राहिली. तो आठवडा कठीण गेला. काढलेल्या गाठींत, म्हणजे आजूबाजूच्या लिम्फ नोड्समध्ये, आजार निघाला नाही. ब्लॅडरमध्ये मात्र दुर्बिणीत न दिसलेले सीआयएसचे आणखी चट्टे सापडले. ते वाचून मुलगा गप्प झाला.

घरी आल्यावर बॅगेत पांढरे धागे दिसले आणि बायको घाबरली. तो आतड्याचा चिकट स्राव, आतडं लघवीच्या कामाला लावलं तरी आपला स्वभाव सोडत नाही. पाणी भरपूर प्यायलं की तो साचत नाही. बॅग बदलायची ती सकाळी, काही प्यायच्या आधी, म्हणजे मधेच धार येत नाही. सुरुवातीला कातडी लाल व्हायची, कारण फ्लॅन्जचं, म्हणजे कातडीला चिकटणाऱ्या बॅगेच्या चकतीचं, भोक मोठं कापलं जात होतं. स्टोमा मोजून त्याच मापाचं कापायला लागल्यापासून थांबलं. बॅगांचा खर्च खिशातून. ईपीएस-९५ च्या पेन्शनमधून तो काढताना महिन्याचा शेवट जाणवतो, ऑपरेशनइतकीच चर्चा याचीही आधी करून घ्यावी.

परवा लेकीकडं जालन्याला एसटीनं गेलो. बसायच्या आधी स्टँडवर तोटी उघडून रिकामी केली आणि पुढं चिंता नव्हती. शेजारी बसलेल्या माणसाला सेलू आल्यावर कळ अनावर झाली आणि तो वाहकाशी भांडायला लागला. मला त्याची दया आली, आणि खोटं कशाला, थोडं हसूही आलं.

सगळं आटोपलं असं नाही. सीटी स्कॅन ठरल्या वेळी, क्रिएटिनिन, बी-१२ ची तपासणी, मूत्रपिंडं फुगत नाहीत ना ते बघणं, हे चालूच आहे. आता स्टोमाच्या बाजूला पोट थोडं पुढं आलंय. त्याला हर्निया म्हणतात, बॅगवाल्या बऱ्याच जणांना होतो. परत ऑपरेशन करून जाळी बसवायची की पट्टा बांधून बघायचं, हा नवा सवाल. सर्जन म्हणतात, अडकत नाही, दुखत नाही तोवर थांबता येईल. अचानक दुखायला लागलं, उलट्या झाल्या किंवा बॅगेत लघवी येणं थांबलं तर मात्र रात्र काढायची नाही. मी भोक पाडलेला पट्टा मागवलाय. पाण्याची घागर उचलणं बंद केलंय, ती आता बायकोच्या आधी सून उचलते. दिवाळीनंतरच्या स्कॅनमध्ये हर्नियाचं माप घेतील, तेव्हा ठरवू.